मूळपुरुषाचं वजन

चहाची तिसरी फेरी झाली तरी अर्ज टेबलाच्या मधोमध होता तसाच होता, आणि त्यावरची पालकांच्या सहीची जागा कोरी होती. रविवारी कारखाना बंद असतो. तरी महत्त्वाचं काही बोलायचं असलं की या घराला वरच्या खोल्यांमध्ये करमत नाही. सगळे खाली उतरतात आणि लेथ आणि काचेच्या कपाटांच्या मधल्या जागेत खुर्च्या टाकून बसतात. लग्नं इथेच ठरली, वाटण्या इथेच झाल्या, अबोले इथेच सुरू झाले आणि बरेचसे इथेच मोडले.

अर्ज चिमटीचा होता. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच बरं. सात वर्षांची असताना तिने मिलिग्रॅमची पत्र्याची वजनं चिमट्याने उचलून पारड्यात ठेवली होती, श्वास रोखून, एकही न पाडता, आणि आजोबांनी त्याच दिवशी तिचं नाव बदलून टाकलं. आता ती अठराची होती. दूरच्या शहरातल्या एका संस्थेच्या प्रवेश परीक्षेत चौथी आली होती, आणि तिथे चार वर्षं भौतिकशास्त्र आणि मोजमापाचं तंत्र शिकायचं म्हणत होती. अर्ज उद्या दुपारपर्यंत पोचायला हवा होता. सही आईची चालली असती. पण पाच वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून आईने सासऱ्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही केली नव्हती, आणि सासरे दोन तास गप्प होते.

काका मात्र गप्प नव्हते. पोरगी हुशार आहे हे त्यांना कबूल होतं, तीच तर पंचाईत होती. वजनं बनवणाऱ्या या कारखान्यात तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. काका लेथवर वाघ. पण शेवटचे दहा मिलिग्रॅम कानशीने काढायची वेळ आली की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. आजोबांच्या डोळ्यांनी तर केव्हाच निवृत्ती घेतलेली. म्हणजे ती गेली की दोन वर्षांत दाराला कुलूप. हे सगळं काकांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आणि चौथ्यांदा सांगायला घेतलं. "शिकून करणार काय? दुसऱ्याच्या काट्यावर नोकरीच ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा."

खरं कारण निराळं होतं आणि ते त्यांचं त्यांनाच नीट कळत नव्हतं. भाऊ गेल्यावर समोरच्या बाकावर ही मुलगी येऊन बसली होती. तेरा वर्षांची, हातात कानस, तोंडाचा पट्टा चालू. कुठल्या धातूचा आवाज कसा, बर्फ पाण्यावर का तरंगतो, काय वाट्टेल ते. काका "काम कर" म्हणून ओरडायचे आणि कान तिकडेच ठेवायचे. तो बाक रिकामा झालेला त्यांना बघायचा नव्हता. पण पुरुषमाणसाने असं बोलायचं कसं, म्हणून ते कुलपाबद्दल बोलत होते.

"तुझं कुलूप तुझ्यापाशी ठेव," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे या घराची तोफ. रुग्णालयाच्या औषध विभागात वीस वर्षं काढलेली, आणि या अर्जासाठी खास सकाळच्या बसने आलेली. घरात शास्त्र शिकलेली ती पहिली. त्या काळी नातेवाईकांनी नाकं मुरडली तेव्हा आजोबांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, एका वाक्यात सगळ्यांना वाटेला लावलं होतं, हे ती दर भेटीत सांगते आणि आजही सांगितलं. मला शिकू दिलं नसतं तर मी आज तुझ्या कारखान्यात वजनांत भरायचे शिशाचे छर्रे निवडत बसले असते, असंही काकांना सुनावलं. काका म्हणाले, निवडले असतेस तर बरं झालं असतं, छर्रे बोलत नाहीत. आई हसू लपवायला कप गोळा करू लागली. आईचं काय मत, ते तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलंही नव्हतं.

तेवढ्यात आजोबांनी मान वर केली. त्यांचा आवाज बारीक झालाय, पण ते बोलायला लागले की लेथसुद्धा बंद करायची या घराची पद्धत आहे.

"मला एवढंच सांग चिमटे," ते म्हणाले. "तिथे असं काय शिकवतात, जे मी तुला शिकवलं नाही?"

प्रश्नात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हाताऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आत्याचा चेहरा खुलला, कारण नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर तिने सकाळी पोरीकडून दोनदा पाठ करून घेतलं होतं. दोन गोड वाक्यं, की सही झाली. चिमटी उठली, चहा आणते म्हणाली आणि जिन्याने वर गेली. आताच तर तिसरी फेरी झाली होती. आत्या तिच्या मागोमाग गेली.

वर स्वयंपाकघरात चिमटी ओट्याला पाठ लावून उभी होती आणि तिने गॅस पेटवलाही नव्हता.

"आत्या, मूळपुरुष हलका झालाय."

मूळपुरुष म्हणजे पितळेचं एक किलोचं वजन. पणजोबांनी कारखाना काढला तेव्हा ते सरकारी काट्यावर तपासून आणलं होतं. अठ्ठावन्न वर्षांत या दारातून बाहेर पडलेलं प्रत्येक वजन त्याच्याशी ताडून बनलं. त्याला मूळपुरुष असं नाव कुणीतरी थट्टेत दिलं आणि थट्टा केव्हा संपली ते कुणालाच कळलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी आजोबा ते काचेखालून काढतात आणि पितळ उजळायची पूड मऊ फडक्यावर घेऊन, त्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत घासतात.

दुसरी कुणी असती तर काहीतरी बोलू नकोस म्हणाली असती. आत्याने विचारलं, "किती?"

"सहाशे चाळीस मिलिग्रॅम."

आत्या स्टुलावर बसली. चिमटीने भराभर सांगितलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला, तेव्हा ती ऐटीत आपल्या घरचं किलोचं वजन घेऊन गेली होती. काट्याने ते कमी दाखवलं. ती सरळ बाईंना म्हणाली, तुमचं मशीन चुकलंय. या घरातली कुठलीही व्यक्ती तेच म्हणाली असती. बाई रागावल्या नाहीत. मशीन चुकलं असं म्हणू नकोस, वजन चुकलं असंही म्हणू नकोस, कोण चुकलं ते मोजून सिद्ध कर, एवढंच म्हणाल्या. मग तीन आठवडे, रोज दुपारी काका वर जेवायला गेले की, ती खाली एकटी मोजत होती. काकांना वाटायचं पोरगी जेवण टाळते.

"आणखी कोणाला माहितीये?"

"तू पहिली."

"मग शेवटचीही मीच," आत्या म्हणाली. तोफ आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत होती. "आधी सही होऊ दे. नंतर बघू. खरं म्हणजे नंतरही नकोच. अण्णा ऐंशीचे आहेत, त्यांच्या हातात दुसरं आहे काय? आणि सहाशे मिलिग्रॅमने किलोभर साखरेत कोणाचं काय बिघडतं?"

"तू हे बोलतेस?"

शास्त्राची बाजू घेऊन आत्या सकाळपासून भांडत होती, आणि शास्त्र घराच्या उंबऱ्यावर येऊन उभं राहिल्यावर तिलाच दार लावून घ्यावंसं वाटत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तरी ती म्हणाली, "आता खाली जाऊन हे बोललीस तर सहीचं विसर."

चिमटीला ते माहीत होतं. गप्प राहिलं की चार वर्षांचं शिक्षण, बोललं की कदाचित इथलाच बाक. पण आजोबांचा प्रश्न खरा होता, आणि त्याला खोटं उत्तर देऊन मोजमाप शिकायला जायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. ती चहा न घेताच खाली आली.

"आजोबा," ती म्हणाली, "तिथे मूळपुरुषालाही मोजायला शिकवतात."

मग तिने कॉलेजच्या काट्याचं आणि मूळपुरुष किती हलका झालाय ते सांगितलं. बोलताना आवाज कापला, आकडा सांगताना कापला नाही.

काका ताडकन उठले. काय बोलतेस ते कळतंय का, असं त्यांनी विचारलं आणि तिला ते कळतंय हे तिच्या तोंडावर दिसल्यावर पुन्हा बसले. आत्या मध्ये पडली. मशीन नवं असेल, हवा दमट असेल, पुन्हा कधीतरी बघू, आज विषय कशाला. आणि मग घरात सहसा न होणारी गोष्ट झाली. सकाळपासून पोरीच्या विरोधात असलेला भाऊ तिच्या बाजूने असलेल्या बहिणीवर उलटला.

"थांब ताई. बोलू दे तिला. वजनं मी विकलीत, लोकांच्या डोळ्यात बघून विकलीत. कमी असतील तर मला आजच कळलं पाहिजे."

आजोबांनी मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही. ते उठले, हाताने चाचपत मोठ्या काट्यापाशी गेले, आणि काचेचं दार उघडून म्हणाले, "यावर दाखव."

आजोबांना त्या क्षणी काय वाटत होतं? खरं सांगायचं तर राग. चाळीस वर्षं ज्याच्या शब्दावर बाजार चालला, त्याला कालच्या पोरीने शिकवायचं. पण रागाच्या खाली दुसरंही काही होतं. ती आता काय करते ते बघायची जबर उत्सुकता. मूळपुरुष खोटा म्हणायचा तर त्याच्यापेक्षा खरं दुसरं वजन हवं, आणि तसं या घरात नाही. मग ही कशाशी मोजणार? चुकणार तिथे, असं त्यांनी धरलं होतं.

चिमटी काट्याकडे आलीच नाही. ती समोरच्या भिंतीवरच्या फळीकडे गेली. या कारखान्यात एक रीत आहे. दर वर्षी बनलेलं पहिलं किलोचं वजन विकायचं नाही. त्यावर सालाचा ठसा मारायचा आणि ते फळीवर काचेआड ठेवून द्यायचं. अठ्ठावन्न वर्षांची अठ्ठावन्न वजनं, काळवंडलेली, ओळीने. त्यांना कुणी घासत नाही, कुणी हातही लावत नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायची शोभा, एवढंच सगळे समजत होते. तिने कापडात धरून पहिल्या सालाचं वजन काढलं, मग यंदाचं.

आजोबांना कळलं. तिने दोन्ही वजनं पारड्यांत ठेवायच्या आधीच कळलं. प्रत्येक वजन त्या त्या वर्षीच्या मूळपुरुषाची साक्ष होती. साक्षीदार अर्ध्या शतकाहून जास्त काळ भिंतीवर बसले होते आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि त्यांच्या मनात आलं, हे मला का नाही सुचलं? हेव्याने नव्हे, कौतुकाने आलं. इतकं साधं आणि इतकं बिनतोड काम त्यांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

काटा कलला. यंदाचं वजन वर गेलं.

"पारडी बदल," आजोबा म्हणाले.

तिने बदलली. यंदाचंच वर गेलं. आजोबांनी सतराव्या सालाचं मागितलं. ते पहिल्याशी बरोबर उतरलं. विसावं मागितलं, ते किंचित वर. तिसावं, आणखी वर. काका एकेक वजन काढून देत होते, आई साल वाचत होती, आत्या चष्मा लावून काटा वाचत होती. तासभर कुणी बसलं नाही. भांडण कुठे गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळं घर एका कामाला लागलं होतं.

शेवटी आजोबांनी विचारलं, "तुझं मोजणं किती चुकू शकतं?"

"पंधरा मिलिग्रॅम. त्याहून जास्त नाही."

"पंधराच का?"

तिने बोटांवर मोजत सांगितलं. हाताची ऊब, दाराची झुळूक, दांडी टेकते तिथली झीज. प्रत्येक वजन पाच वेळा तोललं, दर वेळी पारडी बदलून. कुठे शंका आली तिथे पुन्हा सगळं पहिल्यापासून. आजोबा ऐकत राहिले. दुसरा चुकला असं म्हणण्याआधी स्वतःची चूक किती असेल ते मोजणारी ही मुलगी आपल्या घरात वाढली, याचा त्यांना भर दुःखात अभिमान वाटला.

मग तिने वहीतला आलेख पुढे केला. आधी सतरा वर्षं सरळ रेघ. मग उतार. मग सहा वर्षं पुन्हा सरळ. मग परत उतार. आजोबांनी पहिल्या उतारावर बोट ठेवलं. ते साल त्यांना वाचून दाखवावं लागलं नाही. त्याच वर्षी त्यांचे वडील गेले आणि ते त्या गादीवर बसले.

"वडील मूळपुरुषावर फक्त फुंकर घालायचे," ते म्हणाले. "घासायला मी लागलो. मला वाटलं, त्यांची आठवण आहे, लखलखीत राहिली पाहिजे."

अति तिथे माती, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मायेचंही तेच होतं, हे कुणाला खरं वाटत नाही. आत्याने डोळ्यांना पदर लावला. काकांनी मात्र आलेखातली ती सपाट सहा वर्षं निरखली आणि हळूच म्हणाले, "अण्णांचा खांदा धरला होता ती वर्षं. शनिवारी दादा पुसायचा."

आईच्या हातातलं फडकं थांबलं. पाच वर्षं ती या खोलीत कामापुरतं बोलत आली होती.

"ते घासायचे नाहीत," ती म्हणाली. "कोरड्या फडक्याने धूळ झटकायचे आणि ठेवून द्यायचे. मला एकदा म्हणाले, मूळपुरुष झिजतोय असं वाटतं. अण्णांना सांगू का? मी म्हटलं, गप्प बसा. तुमच्याजवळ पुरावा काय? उगाच घरात आग लावाल. ते गप्प बसले." तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "माझ्यामुळे गप्प बसले, अण्णा."

आजोबांनी बोट आलेखातल्या त्या सपाट सहा वर्षांवर आणलं.

"तुझ्यामुळे नाही," आजोबा म्हणाले. "त्याला ठाऊक होतं की मी ऐकणार नाही. आणि मी नसतंच ऐकलं. नुसतं 'वाटतं' म्हणणाऱ्या पोराला मी हाकलून दिलं असतं." त्यांनी वहीवर हात ठेवला. "हिचं ऐकलं, कारण हिने आकडा आणला. त्याला तो आणायला कुणी शिकवलं नाही. मी त्याला दहावीनंतर लेथवर बसवला."

आईने टेबलावरचा अर्ज ओढला, काकांच्या खिशातलं पेन घेतलं आणि सही केली. विचारलं नाही. ठळक, रेघेबाहेर जाणारी सही. आजोबांनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि मान डोलावली. काका चिमटीला म्हणाले, सुट्टीत आलीस की बाक तुझाच, आणि एवढं बोलून नाक शिंकरायला मोरीकडे गेले. परत आले ते कामाचं बोलतच. विकलेली वजनं परत मागवायची, पहिल्या सालाशी जुळवून पुन्हा द्यायची, नवं सरकारी तपासणीचं वजन आणायचं, उद्यापासूनच.

"तिथे त्यांचं मूळ वजन कोण पुसतं?" आजोबांनी मध्येच विचारलं.

"आता कुणीच नाही," चिमटी म्हणाली. "किलो कुठल्याच गोळ्यावर अवलंबून ठेवलेला नाही. निसर्गातला एक आकडा आहे, कधीच न बदलणारा. त्यावरून ठरवतात."

"म्हणजे झिजत नाही?"

"नाही."

ऐंशी वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर असं नवल क्वचित दिसतं. "ते कसं करतात ते नीट शिकून ये," ते म्हणाले. "मला समजेल अशा भाषेत सांग. मी वाट बघतो."

मग त्यांनी चपला घातल्या. समोरचा औषधवाला रविवारीही उघडा असतो. कारखान्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याची वजनं पहिल्यांदा परत घ्यायची, आणि ती आत्ता, असं त्यांचं ठरलं होतं. आत्या म्हणाली, अण्णा, मी जाते, तुम्ही नका. काका म्हणाले, मी जातो. आजोबांनी चिमटीचा हात धरला आणि दोघं रस्ता ओलांडून गेली. बाकीचे तिघं दारात उभे राहिले.

दुकानात औषधवाल्याने लगबगीने खुर्ची पुढे केली आणि साहेबांनी आज स्वतः कसं येणं केलं म्हणून विचारलं. चिमटीने आजोबांकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा," ती हळूच म्हणाली.

"चूक झाली एवढंच मी सांगू शकेन. ती कशी झाली ते तूच सांगशील," आजोबा म्हणाले. खुर्चीवर ते बसले नाहीत. "घाबरू नको. तुझा बाप बोलला असता तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा राहिलो नसतो. आज तू बोल, मी शेजारी उभा आहे."

औषधवाल्याने एकदा म्हाताऱ्याकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं. चिमटीने वही काउंटरवर उघडून ठेवली आणि पहिल्या सालापासून सांगायला सुरुवात केली.